अर्थ लागला

आज मी ट्रकच्या सेल्फविषयी लिहिणार आहे. चुकून दुसऱ्याच कुणाच्या पानावर आलो की काय, असं वाटून घेऊ नका. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली आणि आयुष्यात सायकलपलीकडे काही न चालवलेली मीच ती. नात्यातल्या मंडळींना ही हकिगत तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे आणि सांगताना प्रत्येकाने तिला आपापलं तिखटमीठ लावलंय. म्हणून म्हटलं, एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवावी. शिवाय यात माझी एक चूक आहे. ती दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला ढकल देणारी. आमच्याकडचे ट्रकवाले तिला स्टार्टर म्हणत नाहीत, सेल्फ म्हणतात, आणि तोही पुल्लिंगी. 'सेल्फ उचलत नाही', 'सेल्फ बसला', 'एकदा सेल्फ मारून बघ'. हे मला ज्याने शिकवलं तो माझा धाकटा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण अख्खं गाव त्याला तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणते. तो मला अक्का म्हणायचा. 'म्हणायचा' असं लिहिताना बोट जरा अडखळलं. तो आहे. पण ते पुढे.

१९६९ साली आमचे वडील गेले. मी तेव्हा कराडला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तात्या नववीत. दोघांचं शिक्षण होण्याइतका पैसा घरात नव्हता. एकाचं होण्याइतकाही नव्हता. रीतीप्रमाणे थांबायला हवं होतं माझं. मुलगी, त्यात थोरली, लग्न लावून दिलं की प्रश्न मिटला. पण एके दिवशी तात्याने आपण होऊन दप्तर खुंटीला अडकवलं आणि एका टाटा-मर्सिडीज ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. त्याच साली टाटांचा त्या जर्मन कंपनीशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपला होता, पण रस्त्यावर त्याच गाड्या होत्या. माझी फी त्या ट्रकच्या चाकांवरून घरी आली. १९७२ साली मी बी. ए. झाले. पदवीच्या कागदावर नाव मात्र माझ्या एकटीचं आहे.

तात्या क्लीनरचा ड्रायव्हर झाला आणि १९९६ साली मालक. १९९१ मॉडेलची एक टाटा ४०७ त्याने जुन्या बाजारात घेतली. पुढे लहानसं नाक असलेली ती गाडी तुम्ही पाहिलीच असेल. ती १९८६ साली बाजारात आली आणि त्यानंतर तिने निम्म्या महाराष्ट्राची भाजी वाहिली. आमच्या तात्याच्या ४०७ ने आलं वाहिलं, गूळ वाहिला, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आणि १९९८ च्या मे महिन्यात साताऱ्यात आम्ही घर बदललं तेव्हा माझा सगळा संसार वाहिला.

सेल्फचा पहिला धडा मला त्याच दिवशी मिळाला. सामान भरलं, दोऱ्या आवळल्या, मी फडताळातल्या गणपतीला मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसले, आणि गाडी सुरूच होईना. मी लगेच म्हटलं, "बॅटरी गेली असेल." तात्या हसला. म्हणाला, "अक्का, आधी गाडी काय बोलती ते ऐकावं. लोक ऐकायच्या आधी पाना काढत्यात."

मग त्याने मला गाडीची बाराखडी सांगितली. ती मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवली होती. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

किल्ली फिरवली आणि काहीच आवाज नाही, गाडी मुकी, तर करंट सेल्फपर्यंत निघालेलाच नाही. बॅटरीचं टर्मिनल सुटलंय, किल्लीचा स्विच गेलाय किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर तुटलीय. एकच घसघशीत 'टक्' आला, तर सेल्फच्या डोक्यावर जो सोलेनॉइड नावाचा स्विच असतो, त्याने आपलं काम केलंय, पण मोटर फिरत नाही. मग आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत का, कार्बन झिजलेत का, जाड वायरी सैल आहेत का, ते बघायचं. 'घुर्र' करून मोटर नुसतीच फिरली आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. इंजिन दमेकऱ्यासारखं हळूहळू फिरलं, तर बॅटरी उतरलीय, वायरींत कुठेतरी अडथळा आहे किंवा सेल्फचे बुश झिजून आर्मेचर घासतंय.

आणि शेवटचा आवाज म्हणजे 'कट्-कट्-कट्-कट्'. हा मला सगळ्यांत केविलवाणा वाटला होता. स्विच आत ओढला जातो, मोटरला करंट देतो, त्याबरोबर व्होल्टेज कोसळतं आणि स्विच सुटतो. सुटला की व्होल्टेज परत येतं, स्विच पुन्हा ओढला जातो, पुन्हा सुटतो. "म्हंजे इच्छा हाय, पण बळ पोचत न्हाई," तात्या म्हणाला. बॅटरीतच बळ नाही की मधे कुठे गळतंय, ते मग शोधायचं.

त्या दिवशी सेल्फचे कार्बन अडकले होते. त्याने खाली वाकून सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने दोन हलक्या टपल्या दिल्या आणि गाडी सुरू झाली. "ह्ये औषध न्हाई बरं का," तो म्हणाला, "घरापर्यंत जायाची सोय हाय फक्त." आणि आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही. मारला की मिनिटभर थांबायचं. सेल्फ थोड्याच वेळापुरती प्रचंड ताकद लावण्यासाठी बनवलेला असतो. त्यात डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबूनच इतकी तापवायची असते की डिझेल आपोआप पेटावं, म्हणून ते फिरवायलाही जड. सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. घाई करून मारत राहिलं तर आतलं तांबं तापून जळतं. "थांबला त्योच सुरू झाला," हे तात्याचं वचन.

२०२३ च्या जुलैमध्ये तात्याला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी शब्द सांगितला 'अॅफेझिया'. मराठीत वाचाघात. माझ्या उभ्या आयुष्यात हा शब्द मला शिकवावा लागला नव्हता.

हे दुखणं फार चमत्कारिक आहे. पाणी हवं असलं तर तात्या 'ताट' म्हणायचा. नातवाला हाक मारायला जायचा आणि भलताच शब्द यायचा. तो चुकलाय हे त्यालाच आधी कळायचं, आणि मग तो डावा हात हवेत झटकायचा. एक ते दहा आकडे ओळीने म्हणता यायचे, पण नुसतं 'सात' म्हण म्हटलं की गाडी अडायची. शिव्या मात्र खणखणीत यायच्या, एकही अक्षर न चुकता. सून बिचारी कानकोंडी व्हायची.

आता माझी चूक. मी दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून गावी जायला लागले. मनाशी म्हटलं, याने माझं शिक्षण केलं, आता मी याचं करीन. आणि मी काय केलं असेल? कराडच्या बाजारातून अंकलिपी आणली. अ अननसाचा, आ आगगाडीचा. त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसले आणि चित्रावर बोट ठेवून, हळू, मोठ्याने, पहिलीतल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "तात्या, हे काय आहे? सांग बरं." त्याने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला वाटलं, कंटाळा आला. मी वहीत नोंद केली, 'प्रतिसाद नाही'.

हळूहळू घरात एक पद्धत पडली. त्याच्याविषयी त्याच्यासमोरच बोलायचं. त्याने खाल्लं का, तो झोपला का, त्याला आता शेताचं कशाला सांगायचं. मीही तशीच बोलत होते. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पण उत्तर येत नाही म्हटल्यावर आपण प्रश्न विचारायचं बंद करतो, आणि मग समोरच्याला प्रश्न कळतच नाही असं धरून चालतो. शाळेत किती मुलांच्या बाबतीत मी हे केलं असेल, कोण जाणे.

२०२४ च्या डिसेंबरात मी आठ दिवस गावी होते. थंडी मरणाची. माझ्या भाच्याने हप्त्यावर नवा पिकअप घेतलाय, पण शेतातून माल आणायला अजून ४०७ च होती. सोमवारी सकाळी सहाला त्याने किल्ली फिरवली आणि 'कट्-कट्-कट्-कट्'. पुन्हा, आणि पुन्हा. अंगणातल्या आवाजाने मी जागी झाले.

भाच्याचं म्हणणं, बॅटरी. ती चार वर्षांची होतीच. दुपारी आठ हजारांची नवी आली. संध्याकाळी पुन्हा तोच आवाज. मग म्हणे, सेल्फच बसला. मंगळवारी सेल्फ खोलून तालुक्याला नेला. दुकानदाराने टेबलावर दोन वायरी जोडून दाखवलं, तर सेल्फ भन्नाट फिरला! तरी पण नेलाच आहे तर कार्बन बदलून घ्या, सोलेनॉइड नवा घाला, असं करत अडीच हजार गेले. बुधवारी बसवला. कट्-कट्-कट्-कट्.

भाचा वैतागला. त्याचंही खोटं नव्हतं. तेहतीस वर्षांची गाडी, दर वेळी फिटनेसचं झेंगट, त्यात हा खर्च. "आत्या, आता इंजिनच जाम झालं असणार. भंगारवाल्याला शनिवारी बोलावतो. वजनावर जाईल तेवढं जाऊ दे."

मी विचारलं, "तात्याला विचारलंस का?"

तो काहीच बोलला नाही. आणि मग मीच म्हणाले, "जाऊ दे. त्याला काय कळतंय आता."

तात्या चार हातांवर, उन्हात खुर्चीवर बसला होता.

त्या क्षणी तो बोलला. "माती."

आम्ही वळून पाहिलं. त्याचा डावा हात गाडीकडे होता. "माती... माती."

आमच्या भागात 'मातीला जाणे' म्हणजे कुणाच्या अंत्यविधीला जाणे. भावजय दारातच बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला वाटलं, हा आपल्या मरणाचं बोलतोय, गाडीबरोबर मलाही न्या म्हणतोय. भाच्याला वाटलं, तात्यांना शेतात जायचंय. त्याने लगेच पिकअप काढला, त्याला उचलून बसवलं, वावरात नेलं, मूठभर माती हातात दिली. तात्याने ती फेकून दिली आणि एक शिवी दिली. परत आला तो रागाने लाल होऊन. जेवला नाही. मला वाटलं, गाडीची माती झाली, असं म्हणत असेल. म्हणजे बघा, एक शब्द, आणि तिघांचे तीन अर्थ. मराठीची बी. ए. असून मीही त्यांतलीच एक.

रात्री झोप येईना. ओसरीवर तात्याचा कूस बदलण्याचा आवाज येत होता. माती, माती. आणि कुठून कोण जाणे, मला १९७० सालची एक संध्याकाळ आठवली.

तात्या क्लीनर म्हणून लागून वर्ष झालं होतं. ऑइलने काळे झालेले हात घेऊन तो घरी आला होता. मी कंदिलापाशी वाचत होते. तो म्हणाला, "अक्का, उस्ताद एका वायरीला अर्थ म्हणतोय. त्या अर्थाचा अर्थ काय?" मी नवी नवी कॉलेजकन्या. ऐटीत म्हटलं, "अरे, तो इंग्रजी शब्द. अर्थ म्हणजे पृथ्वी. माती."

"म्हंजे तुझ्या पुस्तकातला अर्थ न्हवं?"

"नव्हे."

"मग बरं," तो म्हणाला, "माती कळती आपल्याला."

पुढे कितीतरी दिवस मला चिडवायला तो त्या वायरीला मातीच म्हणायचा. 'अक्का, आज माती सुटली होती, तासभर गाडी अडली.' मी हे साफ विसरले होते. चोपन्न वर्षं! त्याच्या मेंदूत मात्र 'अर्थ' हा शब्द हाताला लागेना, तेव्हा शेजारचा 'माती' हा शब्द लागला. त्याने तोच उचलून आमच्यापुढे धरला होता. दिवसभर धरला होता.

मी उठून ओसरीवर गेले. तो जागाच होता. मी दिवा लावला, खाली बसले आणि विचारलं, "तात्या, बॅटरी?" त्याने मान हलवली. नाही. "सेल्फ?" नाही. मग मी म्हटलं, "अर्थ? अर्थची वायर?"

त्याने माझा हात धरला आणि एक अशी सणसणीत शिवी दिली की सांगता सोय नाही. चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी दिलेली एकही शिवी मी ऐकून सोडली नाही. ही सोडली.

सकाळी भाच्याला सांगितलं. तो आधी हसला. पण त्याच्याकडे मल्टीमीटर होता, विहिरीच्या मोटरीसाठी घेतलेला. तात्याची खुर्ची गाडीजवळ आणली. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. इंजिन एकदम सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायचा नॉब ओढून धरलेला. हे सगळं तात्या डाव्या हाताच्या बोटाने दाखवत होता, आणि आम्ही 'हे? हे?' विचारत एकेक करत होतो.

आधी बॅटरी पाहिली. नुसती असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग हेडलाइट लावून किल्ली फिरवली. बॅटरी मेलेली असती तर दिवे विझल्यासारखे झाले असते. ते जरा फडफडले, पण उजेड फारसा उतरला नाही. म्हणजे बॅटरीत बळ होतं, सेल्फला पुरेसं पोचत नव्हतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टवर धरली. या दोन जागा एकच असल्यासारख्या असायला हव्यात. सेल्फ मारताना सुद्धा त्यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडायला नको. भाच्याने किल्ली फिरवली. कट्-कट्-कट्. मीटरचा आकडा चार-साडेचारच्या आसपास नाचायला लागला.

साडेचार व्होल्ट वाटेतच जिरत होते! सेल्फच्या वाट्याला काय उरणार?

झालं होतं असं. बॅटरीचा करंट प्लसच्या जाड वायरीने सेल्फमध्ये जातो. पण नुसता जाऊन भागत नाही, त्याला परतही यावं लागतं. परतीला वेगळी वायर नसते. तो सेल्फच्या अंगातून इंजिनात, इंजिनातून चासीत आणि चासीतून बॅटरीच्या मायनसला येतो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी बोल्टने आवळलेली असते. तीच अर्थ. हेडलाइटची परतीची वाट सरळ चासीवर असल्यामुळे दिवे झकास लागत होते, आणि त्यामुळेच सगळे फसत होते. टेबलावर सेल्फ फिरला, कारण तिथे दुकानदाराने परतीची वायर स्वतःच्या हाताने जोडली होती.

तात्याने बोट खाली केलं. भाचा गाडीखाली शिरला. पट्टी जागेवर होती. बोल्टही घट्ट होता. पण खंडेनवमीच्या आधी त्याने चासी रंगवून घेतली होती. गाडी पूजेला नवी दिसावी म्हणून. रंगवताना पट्टी सोडली, मागून रंगावरच तिचं थिंबल ठेवून बोल्ट आवळला. दोन महिने बोल्टच्या आट्यांतून कसाबसा करंट जात राहिला. त्यात गंज धरला. डिसेंबरच्या थंडीत ऑइल घट्ट झालं, इंजिन फिरायला जड झालं, सेल्फला जास्त करंट लागला आणि ती बारीकशी वाट पुरेना.

खात्री करायला आधी जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाला. नॉब सोडला. किल्ली.

घर्रर्र... आणि गाडी सुरू! आठ हजारांची बॅटरी नाही, अडीच हजारांचं काम नाही. मग पट्टी सोडवली, चासीवरचा रुपयाएवढा रंग काचपेपरने घासून चकचकीत धातू काढला, थिंबल घासलं, आवळलं, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मीटर धरला. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्ट. भाच्याने बापाकडे पाहिलं. त्याला काही बोलवेना. दोघांनाही बोलवत नव्हतं म्हणा ना.

आता इथे मी चार ओळी उपदेशाच्या लिहिणार, असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटलं असेल. नाही लिहीत. एवढंच सांगते, की त्या रात्री मी माझी वही काढली आणि 'प्रतिसाद नाही' खोडून टाकलं. बळ होतं, इच्छा होती, कळतही सगळं होतं. परतीची वाट तेवढी कुठेतरी रंगाखाली गेली होती. आणि मी काय करत होते, तर बॅटरी बदलत होते! अंकलिपी आणून.

शनिवारी भंगारवाला आला. भाचा त्याच्याशी बोलण्याआधी तात्यापुढे उकिडवा बसला आणि दीड वर्षात पहिल्यांदाच त्याने विचारलं, "तात्या, गाडी ठेवायची का द्यायची?"

तात्या बराच वेळ गप्प होता. मी उत्तर सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. भंगारवाला घड्याळ बघत होता. बघू दे. मिनिट झालं असेल.

"चालती," तात्या म्हणाला. मग पुन्हा थांबला. मग म्हणाला, "दे."

मला वाटलं होतं, तो 'ठेव' म्हणेल. पण त्याला ती चालती द्यायची होती, वजनावर नाही. भंगारवाला परत गेला. फेब्रुवारीत शेजारच्या गावच्या एका वीटभट्टीवाल्याने ती घेतली, आणि भंगाराच्या भावाहून बरी किंमत आली. अधूनमधून सकाळी ती आमच्या रस्त्याने जाते. तात्याला लांबूनच आवाज ओळखू येतो. तो डाव्या हाताचं बोट वर करतो.

अंकलिपी मी शेजारच्या नातवंडाला देऊन टाकली. कराडला वाचोपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आता आठवड्यातून एकदा नेतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रश्न 'हो-नाही'चे विचारा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका आणि त्याला वेळ द्या. मी भाच्याकडे पाहिलं. दहा सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं. हे तर आम्हाला १९९८ सालीच सांगून झालं होतं.

परवा मी निघाले तेव्हा तात्या दारापर्यंत काठी टेकत आला. काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. माझी एस. टी. चुकत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले.

"अ..." तो म्हणाला. "अ... क्का."

एस. टी. चुकली. पुढची दोन तासांनी होती.